मदत हवी आहे : कॅम बदलला, आता टॉर्क कन्व्हर्टर कितीचा घ्यावा?

मंडळी, नमस्कार. मी इंदूरहून. काकांच्या जुन्या शेवरले इम्पालाचं ३५० घनइंची व्ही-८ इंजिन नुकतंच उघडून बांधलं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स टीएच ३५०, लॉकअप (कन्व्हर्टरची घसरण थांबवणारा क्लच) नसलेला. नवा कॅम (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) ०.०५० इंच लिफ्टला २३० अंशांचा आहे, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा; खरी ताकद २,२०० आरपीएमच्या पुढे देतो.

इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा टॉर्क कन्व्हर्टर मात्र कंपनीचाच, साधारण १,७०० स्टॉलचा (म्हणजे चाकं अडवून धरली तर इंजिन जास्तीत जास्त जितक्या आरपीएमवर जातं तो आकडा). न्यूट्रलमध्ये गाडी ९०० वर छान घुमते, पण ‘डी’ला टाकली की आरपीएम धपकन खाली येतो, स्टिअरिंग थरथरतं आणि ब्रेक दाबून धरला तर बंदच पडते. राजवाड्याच्या गर्दीत हे फार जिवावर येतं. ब्रेकला मदत करणारा इंजिनाचा व्हॅक्यूम (ओढ) १० इंचांवर आल्याने ब्रेकही जड लागतो.

मिस्त्री म्हणतात, २,८०० स्टॉलचा बसवा. मला धास्ती तेल तापण्याची आहे. मागच्या ॲक्सलचा गिअर रेशो ३.०८, म्हणजे ८० च्या वेगाला इंजिन जेमतेम १,९०० वर. तिथे एवढा सैल कन्व्हर्टर घसरत राहणार, त्यात मे महिन्याचं ऊन आणि मानपूरचा घाट! वेगळा ऑइल कूलर तर मी लावणारच आहे.

२,४०० वर भागेल का? की आधी मागचा रेशो ३.७३ करावा? शिवाय स्टॉलचा आकडा इंजिनाच्या टॉर्कप्रमाणे बदलतो, तेव्हा आपल्यापैकी कुणी असाच कॅम चालवत असेल तर प्रत्यक्षात किती स्टॉल मिळाला, तेवढं जरूर सांगा. काकांना गणपतीला गाडी बाहेर काढायची आहे.