घरकामाचे दर ठरवणारा गट काढला, तर उत्पन्नातली दरी कमी होईल का?

कोथरूडकर (धागा सुरू करणारा)
विषमतेवर बोलायला बसलो की आपण बड्या उद्योगपतींवर घसरतो आणि चहा संपला की उठतो. माझं म्हणणं, गट काढायचाच तर वॉर्डापुरता काढा आणि एकच विषय धरा: आपल्या घरी धुणं-भांडी, पोळ्या करणाऱ्या बायकांचा पगार. महिन्याला चार भरपगारी सुट्ट्या, दिवाळीला एक पगार बोनस, दरवर्षी ठरलेली वाढ. खाडा कापताना दिवसाचा पगार काढायला महिना तीस दिवसांचा धरायचा की सव्वीसचा, तेही. पुण्यात मोलकरणींनी १९८० साली संप केला, संघटना उभी केली. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा, पण तो कल्याणापुरता. दर त्यातून ठरत नाही. तो आपल्यालाच ठरवावा लागेल.

रोखठोक
दर बांधा, मग बघा गंमत. आमच्या मजल्यावर तिघांनी डिशवॉशर घेतले. पलीकडच्या वस्तीतली बाई शंभर-दोनशे कमी घेऊन दारात उभीच आहे, तिला तुमचा गट हाकलणार का? तिचाही संसार आहे. आणि मी पेन्शनर माणूस, माझ्या खिशातून समता आणायची हा कुठला न्याय?

टिंबर मार्केट
@रोखठोक, हमालांनाही हेच ऐकवायचे, की दर मागाल तर काम जाईल. बाबा आढावांनी पुण्यात १९५५ साली हमाल पंचायत काढली. १९६९ चा माथाडी म्हणजे ओझी वाहणाऱ्या कामगारांचा कायदा आला, तेव्हा मजुरी माथाडी मंडळाकडे जमा व्हायला लागली, वर लेव्हीतून, म्हणजे मालकाने मजुरीवर भरायच्या जादा रकमेतून, भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजा. कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायकांची पंचायत १९९३ ची. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि दारोदार कचरा उचलायचं काम महापालिकेच्या कराराने मिळालं. यातलं काही कोथरूडच्या दिवाणखान्यात ठरलेलं नाही. धागाकर्त्यांना माझा प्रश्न तोच: तुमच्या गटात कामवाल्या किती?

रोखठोक
माथाडीच्या नावावर कारखान्यांच्या गेटवर खंडणी कोण मागतं तेही लिहा की.

टिंबर मार्केट
मागतात, खोटे माथाडी. खऱ्या हमालालाच त्याचा जास्त ताप. म्हणून कायदा मोडीत काढायचा?

करपात्र
मला दोन्ही बाजू पटत नाहीत. २०१५ च्या अर्थसंकल्पात संपत्ती कर गेला. २०१९ मध्ये करसवलती सोडणाऱ्या कंपन्यांचा मूळ कर ३० वरून २२ टक्क्यांवर आला. खरी दरी तिथे रुंदावते. आणि आपण भांडतोय कशावर, तर मावशींचा खाडा कापताना महिना तीसचा धरायचा की सव्वीसचा! वॉर्डातल्या गटाने आमदार-खासदाराला करांवर जाब विचारावा. बाकी सगळी मलमपट्टी.

कोथरूडकर
@करपात्र, खासदाराला निवेदन देऊन फोटो काढणारे गट पायलीला पन्नास. तीस-सव्वीसचा हिशेब तुम्हाला किरकोळ वाटतो, कारण कापला जातो तो तुमचा पगार नाही. पाच घरं धरलेल्या बाईचे दोन खाडे पाचही घरांत कापले जातात.

@टिंबर मार्केट, प्रश्न रास्त आहे. गटाच्या सुरुवातीच्या बैठकांना सध्या दोघीच येतात. बैठक संध्याकाळी सातला क्लबहाउसमध्ये ठेवली होती, तेव्हा बाकीच्या कुणाच्या तरी पोळ्या लाटत होत्या. आता दुपारी दोन ते चार, त्यांच्याच वस्तीतल्या समाजमंदिरात. अजेंडाही त्याच मांडतील. पहिलाच मुद्दा आलाय तो पगाराचा नाहीच: पाहुणे आले की वाढणाऱ्या भांड्यांचे वेगळे पैसे.

पोळीभाजी
पाहुण्यांच्या भांड्यांचं अगदी खरं! गणपतीत आमच्याकडे वीस पानं उठतात आणि बाईंच्या हातावर टेकवतो काय, तर उरलेली पुरणपोळी. पण सरसकट एकच दर मलाही नको. दोन म्हाताऱ्यांच्या घरची भांडी आणि सहा माणसांची, फरक करा.

रोखठोक
माणशी दर करा मग, त्याला माझी हरकत नाही. आधी कागदावर आकडे येऊ द्यात. आणि गटाचं पत्रक काढलंत तर त्यावर आमच्या सोसायटीचं नाव घालू नका, कमिटीत अजून विषय झालेला नाही.