शेवाळ घातलेलं प्लास्टिक भंगारात ओळखणार कसं?

शेवाळाची पूड मिसळली की नेहमीच्या प्लास्टिकचीही कुजून माती होते, असा इथल्या चर्चेत दोघातिघांचा सूर दिसतोय. तसं होत नाही. माती झालीच तर शेवाळाची होईल, पॉलिथिलीन, म्हणजे पिशव्या-डब्यांचं प्लास्टिक, जिथल्या तिथेच राहणार. फायदा इतकाच की ३० टक्के पूड घातली तर तेवढं प्लास्टिक कमी लागतं. तोही काही थोडका नाही म्हणा.

पण अशी वस्तू परत भंगारात आली की काय होतं, हे कुणी विचारलंच नाही. धारावीत तेराव्या कंपाउंडला, म्हणजे तिथल्या भंगाराच्या वस्तीत, निवड बहुतेक हातानेच होते. मग दळलेला चुरा पाण्यात टाकायचा, पॉलिथिलीन-पॉलिप्रॉपिलीन वर तरंगतं, पेट (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) आणि पीव्हीसी तळाला जातं. पाण्याची घनता १, तर शेवाळाची साधारण १.३ धरली तर ३० टक्क्यांचं मिश्रण १.०३ च्या आसपास येतं. म्हणजे हे पॉलिथिलीन बुडणार आणि थेट पेटच्या ढिगात! पेट वितळवायला २५० अंशांच्या वर जावं लागतं आणि शेवाळातली प्रथिनं त्याच्या बरीच आधी करपतात. चुकून घमेलंभर चुरा त्यात गेला तरी वितळवून केलेला दाणा तपकिरी, भावही पडला. शिवाय पूड ओल धरते. आपल्या पावसाळ्यात नीट वाळवली नाही तर मालात फुगे येणार ते वेगळंच.

शंका आली की तुकडा पेटवून वास घेतात, त्यात मात्र हे सापडेल. पॉलिथिलीनला मेणाचा वास येतो, प्रथिनं जळली की केस जळल्याचा. पण गोणीतला तुकडा न् तुकडा पेटवून बघायला वेळ कुणाला आहे?