बर्नान्के: मंदीचा अभ्यासक मोठा, फेडचा अध्यक्ष नव्हे?

टांकसाळ:
2022 चं अर्थशास्त्राचं नोबेल डायमंड आणि डिबविग यांच्याबरोबर अमेरिकी अर्थतज्ज्ञ बेन बर्नान्के यांना मिळालं. 2008 चं आर्थिक संकट आलं तेव्हा तेच फेडरल रिझर्व्हचे, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँक 'फेड'चे अध्यक्ष होते, म्हणून 'आग लागू देणाऱ्यालाच बक्षीस' असा सूर निघाला. मला तो पटत नाही. 1983 च्या निबंधात त्यांनी मांडलं की 1930 च्या दशकातल्या महामंदीत बँका बुडाल्या तेव्हा नुसत्या ठेवी गेल्या नाहीत. कोणता कर्जदार भरवशाचा, ही बँकेने वर्षानुवर्षं जमवलेली माहितीही गेली. मग चांगल्या धंद्यालाही कर्ज मिळेना आणि मंदी लांबली. मिल्टन फ्रीडमन आणि अ‍ॅना श्वार्ट्झ या अर्थतज्ज्ञांनी 1963 मध्ये महामंदीचं कारण म्हणून पैशाचा पुरवठा आटल्यावर बोट ठेवलं होतं. ही त्याच्या पुढची कडी. नेमका हाच माणूस 2006 ते 2014 फेडचा अध्यक्ष होता, हे अमेरिकेचं नशीब.

उलटतपासणी:
नशीब? मार्च 2007 मध्ये हेच गृहस्थ अमेरिकी काँग्रेससमोर म्हणाले की सबप्राइमचा (कमी पतीच्या लोकांना दिलेल्या गृहकर्जांचा) त्रास आटोक्यात राहील असं दिसतं. त्याआधी 2002 मध्ये फ्रीडमन यांच्या नव्वदीच्या समारंभात महामंदीबद्दल फेडच्या वतीने माफी मागून 'पुन्हा असं करणार नाही' असा शब्द देऊन बसले होते. वाढत्या आर्थिक जोखमीचा इशारा कुणी दिलाच नव्हता, असंही नाही. अर्थतज्ज्ञ रघुराम राजन 2005 मध्ये जॅक्सन होलच्या मध्यवर्ती बँकांच्या परिषदेत बोलले होते, तेव्हा त्यांनाच टोमणे ऐकावे लागले. आणि 15 सप्टेंबर 2008 ला लेहमन ब्रदर्स ही गुंतवणूक बँक बुडू दिली. स्वतःचा निबंध कपाटात ठेवून आले होते का?

कलम तेरा:
लेहमनला वाचवायला पुरेसं तारण नव्हतं आणि तारणाशिवाय कर्ज द्यायची फेडला कायद्याने मुभा नाही, असं ते पुढे सांगत आले.

उलटतपासणी:
आणि दुसऱ्याच दिवशी एआयजी या विमा समूहाला 85 अब्ज डॉलरचं कर्ज! कायदा एका रात्रीत बदलला वाटतं.

कलम तेरा:
एआयजीकडे तारण ठेवायला धडधाकट विमा कंपन्या होत्या. ती मदत पुढे बरीच वाढली, पण सरकारचे पैसे नफ्यासकट परत आले.

टांकसाळ:
लेहमनपाशीच अडकू नका. ऑक्टोबर 2008 मध्ये फेडने बँकांना वगळून कंपन्यांचे कमर्शिअल पेपर (अल्पमुदतीच्या कर्जाचे रोखे) थेट घ्यायची सोय केली. हार्ले-डेव्हिडसनसारखी मोटारसायकल कंपनीही तिथे आली. बँका हात आखडतात तेव्हा कर्जाची वाट दुसरीकडून मोकळी करायची, हा त्या निबंधाचाच धडा. परिणाम बघा: महामंदीत बेरोजगारी 25 टक्क्यांच्या घरात गेली होती, 2008 च्या संकटात ती 10 टक्क्यांवर थांबली.

चलनवलन:
सगळं अमेरिकेपुरतं. फेडने रोखे घेत घेत ताळेबंद चार लाख कोटी डॉलरवर नेला, तो स्वस्त पैसा उभरत्या देशांत आला. मे 2013 मध्ये बर्नान्के यांनी ही खरेदी कमी करण्याचा नुसता विषय काढला आणि तोच पैसा पळाला. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात डॉलरमागे रुपया 68 च्या पलीकडे! या हिशेबाचं पान नोबेल समितीने उघडलं नाही.

कलम तेरा:
कारण नोबेल 1983 च्या संशोधनाला आहे, 2013 च्या वक्तव्याला नाही. आणि रुपया पडला तो निव्वळ त्यांच्यामुळे? चालू खात्याची तूट (परदेशातून येणाऱ्यापेक्षा तिकडे जाणारा जास्तीचा पैसा) आपण आधीच वाढवून ठेवली होती.

चलनवलन:
तूट आमची, मान्य. पण टांकसाळ यांनी खुर्चीवरच्या कामगिरीचंच श्रेय मागितलंय ना? मग त्याच खुर्चीतून केलेलं वक्तव्यही मोजा.