२०२३ चा अरब क्लब चॅम्पियन्स चषक: याला मोठे विजेतेपद म्हणावे का?

नेरूळचा_प्रेक्षक
नमस्कार मंडळी. ६ नोव्हेंबर २०२३ रोजी डी. वाय. पाटील मैदानावर मुंबई सिटीविरुद्ध सौदी अरेबियाच्या अल-हिलालचा सामना मी प्रत्यक्ष पाहिला आणि तेव्हापासून अरब क्लब फुटबॉलकडे लक्ष देऊ लागलो. पाहुण्यांनी तो सामना २-० असा जिंकला, आणि त्याआधी रियाधमध्ये ६-० असा. इतका बलाढ्य संघ त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अरब क्लब चषकाच्या अंतिम सामन्यात सौदीच्याच अल-नसरकडून हरला होता, हे मला नंतर कळले. माझा एक मित्र म्हणतो की ती स्पर्धा म्हणजे हंगामापूर्वीचा सराव होता आणि अल-नसरच्या रोनाल्डोच्या विजेतेपदांत तिची गणना करणे योग्य नाही. जाणकारांनी कृपया सांगावे, या हंगामाचे खरे वजन किती?

जेद्दाहून_एक_मराठी
आपल्या मित्राचे एक म्हणणे बरोबर आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे. ही स्पर्धा आशियाई किंवा आफ्रिकी महासंघाची नसून अरब फुटबॉल संघटनांच्या संघाची आहे. त्यामुळे विजेत्याला आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये किंवा क्लब विश्वचषकात जागा मिळत नाही. शिवाय २७ जुलै ते १२ ऑगस्ट हा काळ सौदी लीगच्या तोंडावरचा होता. पण सरावाचे सामने कोणी अशा रीतीने खेळत नाही.

अल-नसरने १६ दिवसांत सहा सामने खेळले, म्हणजे दर तिसऱ्या दिवशी एक. अल-शबाबशी गोलशून्य बरोबरी झाली. पुढे इजिप्तच्या झमालेकविरुद्ध ८७ व्या मिनिटाला रोनाल्डोने हेडरवर १-१ अशी बरोबरी साधली, म्हणून संघ गटातून पुढे गेला. तायफमधल्या अंतिम सामन्यात ५१ व्या मिनिटाला मायकेलने अल-हिलालला आघाडी मिळवून दिली आणि ७१ व्या मिनिटाला अल-नसरच्या अब्दुलइलाह अल-अम्रीला लाल कार्ड मिळाले. एक गोल मागे आणि मैदानावर माणूस कमी, अशा अवस्थेत तीनच मिनिटांनी रोनाल्डोने बरोबरी साधली, आणि जादा वेळेत, ९८ व्या मिनिटाला, गोलच्या आडव्या दांडीला लागून परतलेला चेंडू डोक्याने जाळ्यात घातला. नंतर दुखापतीमुळे त्याला मैदान सोडावे लागले, आणि दोनच दिवसांनी अल-इत्तिफाकविरुद्धच्या लीगच्या पहिल्या सामन्यात तो नव्हता. अल-नसर तो सामना १-२ असा हरला. सरावासाठी एवढी किंमत कोणी मोजत नाही. त्या रात्री आमच्या इमारतीतले माझे सौदी शेजारी मध्यरात्र उलटल्यावरही त्या सामन्याविषयीच बोलत होते.

कासाब्लांका_प्रेमी
सामना जिद्दीने खेळला गेला याबद्दल वाद नाही. मला मात्र या हंगामाच्या रचनेविषयी मनापासून खंत वाटते. मुख्य फेरीतले सोळाही संघ सौदी अरेबियात, म्हणजे अभा, तायफ आणि अल-बाहा या डोंगराळ शहरांत, एकत्र आणले गेले. जुलैच्या उकाड्यात थंड हवेची ठिकाणे निवडली हे समजण्यासारखे आहे, पण त्यामुळे स्पर्धेचा आत्माच एका देशापुरता उरला. उपांत्य फेरीतले चारपैकी तीन संघ सौदी होते.

याच्या आधीचा, २०१९-२० चा हंगाम आठवून पाहा. तेव्हा बाद फेरीच्या लढती घरच्या आणि परक्या मैदानावर अशा दोन टप्प्यांत होत. कासाब्लांकाचे राजा आणि वायदाद हे एकाच शहरातले कट्टर प्रतिस्पर्धी समोरासमोर आले, पहिला सामना १-१ असा सुटला आणि दुसऱ्यात ४-१ अशा पिछाडीवरून राजाने ४-४ अशी बरोबरी साधली. एकूण ५-५ झाले, आणि एकूण बरोबरी झाल्यास परक्या मैदानावर जास्त गोल करणारा संघ पुढे जातो, या नियमाने राजा पुढे गेला. करोनामुळे लांबलेला अंतिम सामना २१ ऑगस्ट २०२१ रोजी रबातमध्ये झाला, तोही जेद्दाच्या अल-इत्तिहादविरुद्ध ४-४ असा सुटला आणि राजाने पेनल्टींवर चषक जिंकला. २०२३ मध्ये हाच गतविजेता उपांत्यपूर्व फेरीत अल-नसरकडून १-३ असा हरला, तेव्हा कासाब्लांकातला परतीचा सामना नव्हताच.

नेरूळचा_प्रेक्षक
दोघांचेही आभार. तीन सौदी संघांबरोबर उपांत्य फेरीत पोहोचलेला चौथा संघ कोणता?

जेद्दाहून_एक_मराठी
बगदादचा अल-शुर्ता. नावाचा अर्थच पोलीस, कारण तो पोलिसांचा क्लब म्हणून उभा राहिला. आपण हा प्रश्न विचारलात याचा मला आनंद झाला, कारण त्या हंगामाच्या बातम्यांत रोनाल्डो आणि पहिल्याच सामन्यात ट्युनिशियाच्या एस्पेरान्सविरुद्ध विजयी गोल करणारा अल-इत्तिहादचा बेन्झेमा यांच्याखाली हा संघ झाकून गेला. १९८२ मध्ये लेबनॉनच्या नेजमेहला हरवून या स्पर्धेचे पहिले विजेतेपद मिळवणारा क्लब हाच. त्यानंतर १९८५ ते १९८७ अशी सलग तीन वर्षे बगदादच्याच अल-रशीदने ती जिंकली. म्हणजे सौदी पैसा येण्याच्या कितीतरी आधी या चषकावर इराकची छाप होती.

९ ऑगस्टला अभामध्ये या संघाने अल-नसरला ७५ व्या मिनिटापर्यंत रोखून धरले. मग अल-नसरच्या मानेला पाडल्याबद्दल पेनल्टी मिळाली, ती रोनाल्डोने मारली आणि सामना १-० असा संपला. रचनेबद्दलची वरची तक्रार मला मान्य आहे, तरीही माझ्या हिशेबात हे विजेतेपद खरे आहे, कारण आशियातला इराकी क्लब आणि आफ्रिकेतला इजिप्ती किंवा मोरोक्कन क्लब एकाच चषकासाठी झुंजावेत अशी सोय महासंघांच्या वार्षिक स्पर्धांत नाही. आपल्या मित्राला अंतिम सामन्याआधी हा उपांत्य सामना दाखवा.