कास्ट आयर्न बुलेट ३५० : परफॉर्मन्स कॅमसोबत स्प्रिंग आणि पुशरॉड बदलायचे का?

सांगलीचा_बुलेटवाला: जुन्या कास्ट आयर्न ३५० ला जास्त लिफ्टचा (वॉल्व्ह जास्त उघडणारा) कॅम टाकतोय, मेकॅनिक म्हणतो वॉल्व्हच्या स्प्रिंग आहेत त्याच चालतील, पुशरॉड (कॅमची हालचाल वॉल्व्हकडे नेणारे दांडे) पण तेच, लांबी जुळवायला अॅडजस्टर आहे ना. पटत नाहीये. काय करू?

टॅपेटमास्तर: नुसतं "चालतील" वर इंजिन बांधू नका हो. लिफ्ट वाढली की स्प्रिंग जास्त दाबली जाते, पूर्ण उघड्या वॉल्व्हला कॉइल एकमेकींना टेकल्या तर पुशरॉड वाकतो नाहीतर कॅमचं टोक झिजतं, म्हणून फुल लिफ्टला किमान दीड एमएम तरी जागा उरली पाहिजे. रिटेनर (स्प्रिंग धरणारी वरची टोपी) गाईडला, म्हणजे वॉल्व्ह ज्या नळीत सरकतो तिला, लागतोय का तेही बघा. आणि उगाच लय कडक स्प्रिंग घेऊ नका, फॉलोअर (कॅमवर टेकणारे भाग) झिजतात, कॅमवाल्याने सांगितलेलीच घ्या.

कोल्हापूरी_थंपर: वरचं सगळं बरोबर. अॅडजस्टर आहे म्हणून पुशरॉडचा प्रश्न मिटत नाही, लांबी जुळते पण रॉड सरळ आहे का ते वेगळं. काचेवर लोळवून बघा, वाकडा असेल तर लगेच कळतो. अॅडजस्टरचं सेटिंग थंड इंजिनवर, कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (पिस्टन अगदी वर, दोन्ही वॉल्व्ह बंद), रॉड बोटांनी फिरला पाहिजे पण वरखाली हलता कामा नये.

सांगलीचा_बुलेटवाला: आणि पिस्टनला वॉल्व्ह लागेल का?

टॅपेटमास्तर: पिस्टनवर मऊ क्ले लावा, हेड कसा, इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, मग हेड काढून क्ले कापा आणि वॉल्व्हने दाबलेल्या जागी जाडी मोजा. इनटेकला २, एक्झॉस्टला अडीच एमएम असेल तर बिनधास्त. किक मात्र हे झाल्याशिवाय मारू नका.