जुलाब लागले की घरातलं अँटिबायोटिक द्यावं का?

धागाकर्ता: मुलाला पातळ शी सुरू झाली की मागच्या आजारपणातली उरलेली बाटली काढायची, हे थांबायलाच हवं. लहान मुलांचे पाण्यासारखे जुलाब बहुतेक वेळा रोटासारख्या विषाणूंमुळे होतात, आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. जीव धोक्यात येतो तो अंगातलं पाणी आणि क्षार गेल्याने. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ २००४ पासून सांगताहेत: ओआरएस, १० ते १४ दिवस झिंक, आणि अंगावरचं दूध व खाणं चालूच.

दोन मुलांची आई: लिहायला सोपं आहे. रात्रभर दुपटी बदलणाऱ्या बाईला दिसतं काय, तर ओआरएस देऊनही जुलाब थांबत नाहीत. अँटिबायोटिक दिलं की दोन दिवसांत मूल खेळायला लागतं. हा अनुभव खोटा?

वॉर्डातली नर्स: अनुभव खरा, श्रेय चुकीच्या बाटलीला. असे जुलाब बहुधा काही दिवसांत आपोआप ओसरतात. ओआरएसने जुलाब थांबत नाहीत हे मात्र अगदी बरोबर, ते गेलेलं पाणी भरून काढतं. हे आधी कुणी सांगत नाही, म्हणून ते अर्ध्यावर सुटतं. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. आणि त्या उरलेल्या बाटलीचं म्हणाल, तर पाणी घालून कालवलेलं अँटिबायोटिकचं सिरप थोडेच दिवस टिकतं. शिवाय अँटिबायोटिकनेच जुलाब लागलेली मुलं आम्ही नेहमी बघतो.

वाचक: सरसकट विरोधही पटत नाही. नायजर, मलावी, टांझानियात लहान मुलांना वर्षातून दोनदा अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिल्यावर बालमृत्यू सुमारे १४ टक्क्यांनी घटले. २०१८ चा अभ्यास आहे.

धागाकर्ता: तो जुलाबावरच्या उपचाराचा नव्हता. जुलाबावरचा २०२१ मध्ये आला: भारतासह सात देश, आठ हजारांवर मुलं, तीही पाणी कमी झालेली किंवा कुपोषित. अझिथ्रोमायसिनने मृत्यू कमी झाले नाहीत. शीतून रक्त पडत असेल किंवा कॉलऱ्याचा संशय असेल तर अँटिबायोटिक लागतं, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं.

दोन मुलांची आई: रक्ताचं मान्य. पण नुसतं 'देऊ नका' म्हणून चालत नाही. डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली गेली, मूल पीत नाही किंवा सुस्त पडलंय, तर तडक दवाखाना गाठा, हेही त्याच दमात सांगा. ते न सांगता बाटली काढणाऱ्या आईला दोष देणं मला अजूनही मान्य नाही.