तूर आयातीच्या कामासाठी पोर्तुगीज शिकावी का?

प्रश्न : मार्केटयार्ड_सोलापूर

नमस्कार. मी सोलापुरातील एका डाळ मिलच्या कचेरीत आयातीचे कागद सांभाळतो. घरात मराठी, शेजारी कन्नड आणि तेलुगू, मिलमध्ये हिंदी असा माझा रोजचा व्यवहार आहे. तुरीच्या खरेदीसंबंधी २०१६ मध्ये भारत आणि मोझांबिक यांच्यात करार झाला. त्यानंतरच्या काळात आमच्या मिलमध्ये नाकाला बंदरातून येणारी तूर वाढत गेली आणि तिच्यासोबत पोर्तुगीज कागदही वाढले.

गेल्या हंगामात तिकडच्या अडत्याच्या हस्तलिखित यादीत पोत्यांचा आकडा '१.२५०' असा होता. आमच्या संगणकात तो सव्वा पोते म्हणून चढला आणि बेरीज का जुळत नाही, हे शोधण्यात आमचा अर्धा दिवस गेला. मोबाइल छापील मजकुराचे भाषांतर करून देतो, हे मला ठाऊक आहे, आणि इंग्रजीवर काम भागते, असे मालकांचेही मत आहे. तरीही जो माल मी रोज हाताळतो, त्याचे कागद मला स्वतःला वाचता यावेत, असे मनापासून वाटते. ही भाषा नोकरी सांभाळून शिकता येईल का, आणि ब्राझीलची शिकावी की पोर्तुगालची? कोणी म्हणते, त्यापेक्षा स्पॅनिश घ्यावी.

उत्तर : सातरस्ता

आपण अवश्य शिकावे. मी मूळचा सोलापूरचाच असून मोझांबिकमध्ये बेइरा येथे काही वर्षे हिशेबनीस होतो, त्यामुळे आपली अडचण मला चांगली समजते. पोर्तुगीज लिखाणात दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारासाठी टिंब वापरतात. म्हणजे आपल्या यादीतील आकडा साडेबाराशे पोत्यांचा होता, आणि ओलाव्याच्या रकान्यात '१२,५' दिसले तर ते साडेबारा टक्के समजावेत. त्या रकान्यावर 'उमिदाद' हा शब्द असतो. मोझांबिकच्या कागदात त्याच्या आरंभी उच्चार नसलेला 'एच' लिहितात, ब्राझीलच्या कागदात तो नसतो. 'पेझु ब्रुतु' म्हणजे बारदानासह वजन आणि 'पेझु लीकिदु' म्हणजे निव्वळ वजन. तुरीला मोझांबिकमध्ये 'फेइजाँव बोएर' म्हणतात आणि ब्राझीलमध्ये 'ग्वांदू', तेव्हा एकाच धान्याची ही दोन नावे पाहून गोंधळू नये.

मोबाइलविषयी आपण लिहिले आहे, ते बरोबर आहे. परंतु माझी सर्वांत मोठी चूक कागदावर झालीच नव्हती, ती फोनवर झाली. माल 'किंता'ला बंदरात पोहोचेल, असे एकाने सांगितले. 'किंता' म्हणजे पाचवा, एवढे मला येत होते. मी सोमवारपासून बोटे मोजली आणि शुक्रवार धरला. पोर्तुगीजमध्ये ग्रहांच्या नावांचे वार नाहीत, त्यांची मोजणी रविवारपासून चालते. त्यामुळे सोमवार 'सेगुंदा', म्हणजे दुसरा, आणि पाचवा येतो गुरुवारी. गुरुवारी मालमोटार वखारीच्या दारात उभी राहिली तेव्हा उतरवायला एकही माणूस नव्हता.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मोझांबिक १९७५ मध्ये स्वतंत्र झाले आणि पोर्तुगीज ही तेथील राजभाषा राहिली, पण बहुसंख्य लोकांची ती मातृभाषा नाही. नाकालाच्या परिसरात घरोघरी माखुवा बोलतात. म्हणजे आपण जिच्याशी बोलाल, ती व्यक्तीही बहुधा शाळेत शिकलेली पोर्तुगीज बोलत असेल. सोलापुरात घरी तेलुगू आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या माणसाला हे नाते समजावून सांगावे लागत नाही. तेथे नवशिक्याच्या भाषेला मी कोणी हसलेले पाहिले नाही.

उत्तर : मोडीवाचक

व्यापाराचे कारण पुरेसे आहेच. मी दुसरे कारण सांगतो, कारण मला त्याची फार तळमळ आहे. मराठ्यांच्या इतिहासाची मोठी साधने पोर्तुगीज भाषेत आहेत. गोवा आणि लिस्बन यांच्यातील पत्रव्यवहाराचे 'मोंसोंइश दु रेइनु' हे दप्तर पणजीच्या पुराभिलेखागारात आहे. कोस्मे द ग्वार्द याने लिहिलेले शिवाजी महाराजांचे चरित्र १७३० मध्ये लिस्बनला छापले गेले. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी आयुष्य वेचून या दप्तरांतून मराठे आणि पोर्तुगीज यांच्या संबंधांचा इतिहास बाहेर काढला. आज मोडी आणि पोर्तुगीज या दोन्ही वाचू शकणारी माणसे मला फारच थोडी भेटतात. मी स्वतः पंचावन्नाव्या वर्षी ही भाषा शिकू लागलो आणि आधी का शिकलो नाही, याची मला खंत आहे.

शिवाय ही भाषा आपल्या यार्डात आधीपासूनच आहे. सकाळी ज्या 'लिलावा'त आपण उभे असता, तो शब्द पोर्तुगीज 'लैलाँव'पासून आला. 'पाँव'चा पाव झाला, तसाच हा बदल आहे. हमालाच्या हातातील घमेले, महिन्याचा पगार आणि दाराची बिजागरी हेही तिकडचेच शब्द. 'चावी' तर मला फार आवडते. आजचा पोर्तुगीज माणूस या शब्दाच्या आरंभी 'श' उच्चारतो, परंतु सोळाव्या शतकात तेथे 'च' होता. तो जुना 'च' आपण अजून जपून ठेवला आहे. रायगड जिल्ह्यात कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली बोली आजही घरात बोलली जाते. सवड मिळाल्यास तेथे जाऊन ती अवश्य ऐकावी.

उत्तर : भाषाशिक्षिका

उच्चारांची निवड आपल्या कामावरून करावी. ब्राझीलची लोकसंख्या २० कोटींहून अधिक असल्याने फुकट मिळणारे बहुतेक ध्वनिपाठ तिकडचे असतात. त्या बोलीत स्वर मोकळे उच्चारले जातात, त्यामुळे आरंभी ती कानाला सोपी जाते. मात्र आपले कागद मोझांबिकचे आहेत, आणि तेथील लेखन व व्याकरण पोर्तुगालच्या वळणाचे आहे. म्हणून पुस्तक पोर्तुगालचेच घ्यावे. अनुनासिक स्वरांची आपल्याला धास्ती नसावी, आणि 'आभारी आहे' या अर्थी पुरुष 'ओब्रिगादु' व स्त्री 'ओब्रिगादा' म्हणते, हे 'आलो' आणि 'आले' म्हणणाऱ्याला चटकन उमगते. क्रियापदांची रूपे मात्र पाठच करावी लागतात, त्याला माझ्याकडे सोपा उपाय नाही. रोज पाऊण तास दिल्यास वर्षभरात कागद वाचता येतील, असा माझा विद्यार्थ्यांबाबतचा अनुभव आहे. स्पॅनिश उत्तम भाषा आहे, परंतु नाकालाच्या यादीसाठी तिचा उपयोग नाही. पुढे पदविकेचा विचार असल्यास गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचा विभाग आहे.

मार्केटयार्ड_सोलापूर

आपणा सर्वांचा मी ऋणी आहे. आज दुपारी कपाटातून गेल्या वर्षीची फाइल काढली आणि त्या यादीवर पेन्सिलीने 'साडेबाराशे' असे लिहून ठेवले. त्याच फाइलमधील एका तपासणीपत्रावर 'उमिदाद' हा शब्द सापडला, त्याच्यासमोर '११,८' होते. हा माल कोरडा होता, हे मला पहिल्यांदाच कोणालाही न विचारता समजले. सातरस्ता यांना विनंती आहे की, यादीतील नेहमीचे आणखी शब्द त्यांनी येथे लिहावेत. मी ते वहीत उतरवून घेत आहे.